मेक्सिकोचे सणावारी गोड पदार्थ: प्रमाणं, कृती आणि बिघडतं कुठे

गूळपोळी

मेक्सिकन गोड म्हटलं की आपली गाडी चुरोस आणि त्रेस लेचेस केकपाशी थांबते. या धाग्यात ते दोन्ही नकोत. तिथल्या घरांत जे ठरलेल्या दिवशीच होतं आणि आजीच्या हाताखाली बघून बघूनच पुढच्या पिढीकडे जातं, तेवढंच लिहू या. नियम दोनच. प्रमाण वजनात द्या, आणि प्रत्येक पायरी का करायची तेही सांगा. 'वा, तोंडाला पाणी सुटलं' अशा प्रतिसादांसाठी बाकीचे धागे आहेत.

१ आणि २ नोव्हेंबर जवळ येताहेत, म्हणून मृतांच्या दिवसापासून सुरुवात. १ तारीख गेलेल्या लेकरांची, २ तारीख मोठ्यांची. घरात ओफ्रेंदा मांडतात: फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, कोपलचा धूप, झेंडू आणि त्या माणसाला आवडायचं ते खाणं. (झेंडू मूळचा तिकडचाच. दसऱ्याला आपण दारावर जो बांधतो तो मेक्सिकोचा पाहुणा आहे.) ही प्रथा २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली, मेक्सिकन स्वयंपाक २०१० साली.

ओफ्रेंदावरचा पाव म्हणजे पान दे मुएर्तो. मध्यम आकाराचे ४ पाव होतात.

मैदा ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, अंडी ३, कोमट दूध १०० मिली, मऊ लोणी १२० ग्रॅम, दोन संत्र्यांची किसलेली साल, संत्र्याच्या फुलांचं पाणी १ मोठा चमचा. काही घरांत १ चमचा बडीशेपही जाते.

लोणी सोडून सगळं एकत्र करून १० मिनिटं मळा. पीठ ताणलं की पडद्यासारखं पसरायला लागलं पाहिजे. त्यानंतरच लोणी, थोडं थोडं करत. आधीच घातलं तर ते पिठाला वेढून बसतं, ग्लुटेन नीट जुळत नाही आणि पाव बसका होतो. पीठ चिकट वाटेल. वरून मैदा ओतत बसू नका, आणखी ८-१० मिनिटं मळा, भांडं सोडतं. झाकून दुप्पट होऊ द्या. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर चव जास्त चांगली येते आणि हाताळायलाही सोपं जातं.

आता हाडं. साधारण १२० ग्रॅम पीठ बाजूला काढून त्यात ३० ग्रॅम कोरडा मैदा मळून घ्या. ही पायरी गाळली की सगळं फसतं. हाडांचं पीठ पावाइतकंच मऊ राहिलं तर भट्टीत दोन्ही सारखेच फुगतात, हाडं पावात मुरतात आणि वर नुसते फुगवटे दिसतात. दोरीसारखी वळी करून बोटं फाकवून दाबत लाटा, म्हणजे गाठी उठतात. पावावर एकमेकांना छेदून दोन वळ्या ठेवायच्या, मध्यभागी एक गोळी म्हणजे कवटी. चिकटवायला अंड्याचा पांढरा भाग.

दुसऱ्यांदा ४५ मिनिटं ते तासभर फुगू द्या. जास्त ताणलं तर हाडं घसरून बाजूला येतात. १८० अंशांवर १८-२० मिनिटं. पाव कोमट झाल्यावर वितळलेलं लोणी लावून साखरेत घोळवा. गरम असताना घोळवला तर साखर विरघळून चिकट थर होतो.

चिमूटभर

दोन शंका. फुलांचं पाणी नसेल तर केवड्याचं चालेल का? आणि बिनअंड्याचा होतो का?

गूळपोळी

केवडा नको, पाव थेट शिरखुर्म्याच्या वाटेला लागेल. फुलांचं पाणी नसेल तर तीन संत्र्यांची साल घ्या, फक्त वरचा केशरी भाग. साल साखरेत चोळून अर्धा तास ठेवा, तेल सुटतं. बाटलीतला ऑरेंज इसेन्स घालण्यापेक्षा काही न घातलेलं बरं.

बिनअंड्याचा होतो. ३ अंड्यांऐवजी १०० ग्रॅम घट्ट दही आणि ४० मिली जास्तीचं दूध. रंग फिका येतो, उंची थोडी कमी भरते. हाडं दुधाने चिकटवा.

तांबडाभोपळा

आयडीला जागून लिहितो. त्याच दिवसांतला दुसरा पदार्थ कालाबासा एन ताचा, म्हणजे गुळाच्या पाकात शिजवलेला भोपळा. ताचा म्हणजे साखर कारखान्यातली मोठी कढई. पूर्वी भोपळे तिथल्याच पाकात शिजायला टाकत.

२ किलो तांबडा भोपळा, जाड सालीचा आणि पूर्ण पिकलेला. ८०० ग्रॅम पिलोन्सियो, म्हणजे साच्यात शंकूसारखा पाडलेला उसाचा गूळ. आपला गडद, रसायन न घातलेला गूळ त्याच्या अगदी जवळ जातो. पिवळाधमक गूळ घेऊ नका, नुसती गोडी येते, चव येत नाही. दालचिनीचे दोन तुकडे, ४ लवंगा, एका संत्र्याची साल, ५-६ पेरू, उसाची दोन कांडी आणि पाणी फक्त अर्धा लिटर.

भोपळ्याच्या सालीसकट तळहाताएवढ्या फोडी करा. साल काढली तर तासाभरात भाजी होते. ऊस उभा चिरून पातेल्याच्या तळाशी जाळीसारखा मांडा, त्यावर फोडींचा पहिला थर साल खाली करून. म्हणजे गर तळाला लागत नाही. मधे मधे गूळ आणि मसाला, वरचा थर साल वर करून. पाणी कमी वाटेल, पण भोपळ्याला स्वतःचंच भरपूर सुटतं. सुरुवातीलाच लिटरभर ओतलं की पाक घट्ट होईपर्यंत फोडी मोडतात.

झाकून मंद आचेवर ४५ मिनिटं, मग पेरू घालून झाकण काढून आणखी २०-३० मिनिटं. ढवळायचं नाही, पळीने पाक वरून सोडायचा. रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी वाटीत फोड, वर पाक आणि थंड दूध.

तिथे यात तेजोकोते नावाची छोटी आंबटसर फळंही घालतात, त्यांच्या पेक्टिनमुळे पाकाला दाटपणा येतो. न मिळाल्यास सोडून द्या, पेरूच्या बिया-गराने ते काम बरंचसं होतं.

खलबत्ता

चुन्याचं राहिलं की! बऱ्याच घरांत फोडी आधी चुन्याच्या निवळीत ठेवतात. ३ लिटर पाण्यात १ मोठा चमचा खायचा चुना कालवा, तास-दोन तास बसू द्या, वरची निवळी गाळून घ्या. तळचा साका नको. फोडींना आतून काट्याने टोचे मारून २ तास बुडवा, मग तीन-चार पाण्यांनी खळखळून धुवा. चुन्यातलं कॅल्शियम भोपळ्याच्या पेक्टिनला धरून बसतं, फोडीला बाहेरून कडक कवच येतं आणि आत मऊ राहतं. आग्र्याच्या पेठ्याला कोहळा चुन्यात ठेवतात ते याचसाठी.

टोचे विसरलात तर कवच येईल पण पाक आत शिरणार नाही, आत फिका भोपळा आणि बाहेर मिठाई. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात वापरू नका, चुना त्याला खातो. पानवाल्याकडचा साधा पांढरा चुना चालतो, रंगकामाचा नाही.

तांबडाभोपळा

चुना मुद्दामच गाळला होता. अख्खा भोपळा भोकं पाडून किंवा मोठ्या फोडी करून, सालीवर भरवसा ठेवून शिजवणारीही तितकीच घरं आहेत. माझं मत विचाराल तर दुधातून खायचा असेल तर चुन्याची गरज नाही, गर दुधात विरघळला पाहिजे. कोरडा करून ताटात मांडायचा असेल तर मात्र चुन्याशिवाय पर्याय नाही.

उपासतापास

राजगिऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही? तिथल्या आलेग्रिया आणि आपल्या राजगिरा वडीत फरक शोधावा लागतो, कारण राजगिरा तिकडूनच आला. उपासाचं ताट बघा: राजगिरा, रताळं, बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, सगळी मंडळी अमेरिका खंडातली.

अस्तेक लोक राजगिऱ्याचं पीठ माग्वेच्या (घायपाताच्या जातीतली वनस्पती) रसाच्या काकवीत मळून देवांच्या आणि डोंगरांच्या मूर्ती करत. या मळलेल्या पिठाला त्सोआल्ली म्हणत. वित्सिलोपोच्त्ली देवाची अशी मूर्ती उत्सवात फोडून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या प्रभुभोजनाची नक्कल दिसली आणि तो विधी त्यांनी दडपला. पीक मात्र टिकलं. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को भागात तुल्येवाल्को नावाचं गाव आहे, तिथल्या घराघरात आजही आलेग्रिया करतात.

प्रमाण: राजगिऱ्याच्या लाह्या २०० ग्रॅम, गडद गूळ २५० ग्रॅम, मध ५० ग्रॅम, पाणी ६० मिली, लिंबाचा रस १ लहान चमचा. वर लावायला भाजलेले शेंगदाणे, बेदाणे, भोपळ्याच्या सोललेल्या बिया.

लाह्या घरी करायच्या तर जाड तवा किंवा कढई कडकडीत तापवा. चिमूटभर दाणे टाकून बघा, तीन-चार सेकंदांत तडतडले तर ताप बरोबर. एका वेळी १ मोठा चमचाच टाका आणि फडक्याच्या बोळ्याने सतत फिरवा. तिथे कोमालवर (म्हणजे तव्यावर) यासाठी लहानशी केरसुणी वापरतात. जास्त दाणे टाकले की तवा थंड पडतो, अर्धे फुटत नाहीत आणि उरलेले करपतात. न फुटलेले दाणे बारीक चाळणीने काढून टाका, नाहीतर वडीत खडे लागतात.

ताटाच्या तळाला शेंगदाणे, बेदाणे, बिया मांडून घ्या, वडी उलटली की ते वर येतात. पाक गोळीबंद हवा, थर्मामीटर असेल तर ११८ अंश. लिंबू विसरू नका, त्याने थोडी साखर फुटते आणि पाक दाणेदार होत नाही. गॅस बंद करून लाह्या घाला, ताटात ओता, बाटलीने किंवा लाटण्याने हलक्या हाताने लाटा. चिक्कीसारखा जोर लावला तर लाह्या चेपून वडी दगड होते. कोमट असतानाच कापा. गार झाल्यावर सुरी लावली तर भुगा.

वडी दुसऱ्या दिवशी मऊ पडत असेल तर पाक कच्चा राहिला आहे. कापतानाच चुरा होत असेल तर पाक पुढे गेला, नाहीतर लाह्या जास्त झाल्या.

गूळपोळी

@उपासतापास, मृतांच्या दिवसाला याच मिश्रणाच्या कवट्याही करतात ना?

उपासतापास

हो. साच्यात तेल लावून दाबायचं, डोळ्यांना बेदाणे, दातांना शेंगदाणे. त्यासाठी मध ५० ऐवजी ८० ग्रॅम घ्या, मिश्रण जरा जास्त वेळ हातात राहतं.

गाठीवाली

कवट्यांचा विषय निघालाच आहे तर साखरेच्या कवट्या. तोलुका शहरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात यांची मोठी जत्रा भरते, या साखरकामाला आल्फेन्यिके म्हणतात. गुढीपाडव्याच्या गाठी ज्यांनी करताना पाहिल्या आहेत त्यांना निम्मं काम ओळखीचं वाटेल.

मातीचे दोन भागांचे साचे आधी पाण्यात भिजवून ठेवतात. कोरडा साचा पाकातलं पाणी शोषतो आणि कवटी साच्यालाच धरून बसते. १ किलो साखर, ३०० मिली पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, ११८-१२० अंशांपर्यंत पाक. मग उलथन्याने पाक कढईच्या कडेला घासत राहायचं. तिथे साखरेचे बारीक कण धरू लागतात आणि पाक दुधाळ होतो. तो क्षण साधून साच्यात ओतायचा. घासलं कमी तर कवटी पारदर्शक आणि चिकट होते, जास्त झालं तर कढईतच दगड. साच्याला लागून अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर धरला की साचा उलटा करून मधला पाक परत कढईत. आतून पोकळ कवटी राहते. भरीव केली तर आतला ओलावा निघत नाही आणि आठवड्याभरात तडकते.

कपाळावर नाव लिहितात, गेलेल्याचं किंवा जिवंत मित्राचंसुद्धा. त्यात कुणाला अभद्र वाटत नाही. दमट हवेत या टिकत नाहीत, मुंबईत करणार असाल तर डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवा.

बे_एरियावाला

मी वसंतातल्या पदार्थावर लिहितो. कापिरोतादा, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी होणारा पावाचा गोड पदार्थ. बऱ्याच घरांत याचा अर्थ मुलांना पदार्थ हातात देऊनच सांगतात: पाव म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, पाक म्हणजे रक्त, लवंगा म्हणजे खिळे, दालचिनी म्हणजे क्रूसाचं लाकूड, वितळलेलं चीज म्हणजे कफन.

६ बोलियो (लांबट, कडक कवचाचे पाव, साधारण ४५० ग्रॅम), पिलोन्सियो ४०० ग्रॅम, पाणी १ लिटर, दालचिनीचे २ तुकडे, लवंगा ४, लोणी ६० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, चीज २०० ग्रॅम, मक्याच्या ४ शिळ्या तोर्तिया (पातळ चपात्या).

पावाच्या दोन सेंटिमीटरच्या चकत्या करून रात्रभर उघड्यावर वाळवा, मग लोणी लावून १७० अंशांवर दोन्ही बाजूंनी कडक भाजा. कापिरोतादा फसतो तो नव्वद टक्के इथेच. पावात ओलावा असेल तर पाक आत शिरायला जागा नसते, बाहेरचा लगदा होतो. पाक २० मिनिटं उकळून पातळच ठेवा, एकतारीच्या बराच अलीकडे. दाट पाक वर बसून राहतो.

भांड्याच्या तळाला तोर्तिया, पाव लागू नये म्हणून. त्यावर पाव, शेंगदाणे, बेदाणे, चीज, आणि पाकाचा तिसरा हिस्सा. दहा मिनिटं थांबा. असे तीन थर. झाकून १८० अंशांवर ३० मिनिटं, मग उघडून १०-१५ मिनिटं.

चिमूटभर

गोडात चीज? कोणतं? पनीर घालू का?

बे_एरियावाला

खारटपणा हवाच, नाहीतर नुसता गुळाचा मारा होतो. कोणी कोतिहासारखं खारट, भुरभुरीत चीज घालतं, कोणी वितळणारं. पनीर चालेल, पण १५० ग्रॅम कुस्करून त्याला १/४ चमचा मीठ लावा आणि ५० ग्रॅम मोझरेला मिसळा. पनीर एकटं वितळत नाही, म्हणजे कफनाची कथा बाद. काही घरांत पाकात टोमॅटो आणि कांदाही उकळून गाळून घेतात. नाक मुरडू नका, तो तिथला जुना प्रकार आहे.

पोदेराचो_पाव

पावाबद्दल गोव्यातून. लादीपाव नको, त्यात कवचच नसतं, कितीही वाळवा, पाक लागला की चिखल. आमच्या पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) कडक कवचाचे उंडे एक दिवस शिळे करून उत्तम चालतात. मुंबई-पुण्यात इराण्याकडचा ब्रून घ्या. पोई नको, कोंड्यामुळे पाक कडवट लागतो.

शेळीपालक

काहेता राहिलंच. ग्वानाह्वातो राज्यातलं सेलाया शहर यासाठी प्रसिद्ध. शेळीचं दूध साखरेबरोबर आटवून केलेला, चमच्यावरून सावकाश ओघळणारा तपकिरी पाक. २ लिटर शेळीचं दूध, साखर ४५० ग्रॅम, दालचिनीचा तुकडा, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, २ चमचे पाण्यात विरघळवून. साधारण किलोभर होतं.

दूध, साखर, दालचिनी उकळी येईपर्यंत तापवा. गॅस बंद करून सोड्याचं पाणी घाला, दूध भसकन वर येतं, म्हणून पातेलं दुधाच्या तिप्पट मोठं घ्या. दूध आटतं तशी त्यातली आंबटाई वाढते आणि शेळीचं दूध उष्णतेला मुळातच नाजूक, सोड्याशिवाय ते फाटून रवाळ होतं. शिवाय सोड्याने रंग लवकर धरतो. पहिला तास अधूनमधून ढवळलं तरी चालेल. दाट होऊ लागलं की हात थांबवायचा नाही, लाकडी उलथनं तळाला घासत, इंग्रजी 8 आकड्याच्या आकारात. उलथन्याची रेघ तळाशी दोन सेकंद दिसली की उतरवा. गार झाल्यावर आणखी दाट होतं. कढईतच हवा तेवढा दाटपणा येऊ दिला तर दुसऱ्या दिवशी सुरी लागेल. सगळं मिळून दीड ते दोन तास.

साखरेऐवजी गूळ घालू नका. गुळातल्या आंबटाईने आणि क्षारांनी दूध फाटतं, सोडा वाढवला तर साबणासारखी चव येते.

तिथे हे तांब्याच्या कढईत करतात, मिचोआकानमधल्या सांता क्लारा देल कोब्रे गावचं तांबट काम नावाजलेलं आहे. त्या कढईला कल्हई नसते. तशा कढईत केलंत तर उतरवल्याबरोबर काचेच्या बाटलीत काढा, गार होईपर्यंत तांब्यात राहू देऊ नका. घरी जाड बुडाची स्टीलची कढई पुरेशी आहे.

खलबत्ता

निव्वळ गाईच्या दुधाचं केलं तर?

शेळीपालक

चांगलं लागतं, पण शेळीच्या दुधाचा तो किंचित खारट, उग्र वास जातो आणि हाती नुसतं कॅरमेल उरतं. अर्धं-अर्धं घेतलं तर जमून जातं. शेळीचं दूध ताजंच हवं, सकाळचं सकाळी. बोकडाजवळ बांधलेल्या शेळीच्या दुधाला वास मारतो, तो आटवल्यावर चौपट होतो.

गूळपोळी

जाता जाता, ज्यांना आपल्याच घरातल्या बाईच्या हातचं उतरवून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक पद्धत. मेक्सिकन आजीला आणि आपल्या आजीला ती सारखीच लागू पडते. 'किती?' असं विचारू नका, उत्तर 'पुरेल इतकं' असंच येणार. कृतीच्या आधी प्रत्येक डबा वजन करून ठेवा, झाल्यावर पुन्हा करा, वजाबाकी म्हणजे प्रमाण. तिची वाटी पाण्याने भरून मिली मोजा, मूठ तीनदा वजन करून सरासरी काढा. पाक उतरवताना ती नेमकं काय बघते, बुडबुड्यांचा आकार की आवाज की वास, ते त्याच क्षणी विचारा आणि थर्मामीटरचा आकडा शेजारी लिहा. भांड्याचा व्यास लिहायला विसरू नका. रुंद कढईतलं काहेता आणि उंच पातेल्यातलं काहेता यांच्या वेळेत पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

चिमूटभर

शेवटची शंका. आलेग्रिया आज केली तर २ तारखेपर्यंत राहील का? आठ दिवस आहेत.

उपासतापास

हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, आरामात. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी धरते. बेदाणे तेवढे आधी फडक्यावर तासभर वाळवून घ्या, ओल तिथूनच येते.